शेषरावांच्या रिव्हॉल्वरचं बटन

या, जरा पुढं सरकून बसा. टाळ खाली ठेवलेत, प्रसादाला अजून वेळ आहे, तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. संशयाची आहे, आणि त्या संशयात मीही सामील होतो, म्हणून नीट ऐका.

आमच्या साखरखेर्ड्याचे शेषराव मोठे शेतकरी. दुसरबीडच्या रस्त्यावर कोणीतरी त्यांची गाडी अडवली, तेव्हापासून त्यांनी परवाना काढून रिव्हॉल्वर घेतलं. त्याला कंपनीचं बंद करायचं बटन नव्हतं. विमलबाई, त्यांच्या घरच्या, त्यावरून रोज भांडायच्या, म्हणून शेषराव गोळ्या कपाटात आणि रिव्हॉल्वर खुंटीवर ठेवायचे. मग पुतण्या राजकुमार शहरातून कोणाकडून तरी वरून एक बटन बसवून घेऊन आला. खाली दाबलं की बंद, म्हणजे गोळी सुटणार नाही; वर सरकलं की उघडं, आणि उघडं असलं की तांबडा ठिपका दिसणार.

"आता काय भेव?" शेषराव म्हणाले, आणि त्या दिवसापासून भरलेलं रिव्हॉल्वर सदऱ्याखाली कमरेच्या चामडी पाकिटात लावून फिरू लागले. सप्ताह सुरू झाला तसे कीर्तनातही आले. माझ्या शेजारीच टाळ घेऊन उभे राहायचे.

तिसऱ्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ज्ञानेश्वर, घरात कोणीतरी बटनाशी खेळून राह्यलं. संध्याकाळी कीर्तनाले निघताना मी बंद करतो. घरी येऊन पाकिटासकट खुंटीवर टांगतो. सकाळी काढलं का तांबडा ठिपका!"

"काकूंनी तं नाही?"

"ते तं हातच लावत नाही. सकाळी त्या खोलीत एकच बाई जाते."

म्हणजे रुखमाबाई. वीस वर्षं त्यांच्याकडे झाडलोट करणारी, कीर्तनात पहिल्या रांगेत बसून डोळे पुसणारी. माझं मन म्हणालं, छे. पण दुसऱ्या सकाळी ती पदराखाली काहीतरी लपवून त्यांच्या मागच्या दारानं निघाली, आणि ते मी शेषरावांना सांगितलं. हे माझं पाप. तिच्या पदरात परड्यातली मोगऱ्याची फुलं होती, देवासाठी. ते मला फार उशिरा कळलं.

गावात कुजबुज पसरली. कोणी म्हणे, रस्त्यावर गाडी अडवणाऱ्यांनी तिला फोडली. बाया तिच्याजवळून उठून दुसरीकडे बसू लागल्या. सातव्या दिवशी ती मंडपाबाहेर, काढून ठेवलेल्या चपला-जोड्यांच्या ढिगाशेजारी बसलेली दिसली.

काल्याच्या सकाळी शेषरावांनी मला देवळामागं नेलं. सदरा वर केला.

"पाह्य. ठिपका दिसते का?"

"नाही. बंद आहे."

"ध्यानात ठेवजो. काला झाला का ठाण्यात जातो. तिच्या नावानं तक्रार देतो. तुले इचारलं तं सांगजो, मी बंदच ठेवत होतो म्हणून."

मी मान हलवली. मनात मात्र आलं, तक्रार झाली की रुखमाबाईला गावात कोण कामाला ठेवणार?

त्या क्षणापासून शेषराव माझ्या नजरेआड झाले नाहीत. महाराजांनी गोपाळांचा खेळ असा रंगवला की मंडप डोलत होता, पण माझी नजर त्या सदऱ्यावर. दहीहंडी फुटली. महाराज म्हणाले, एकमेकांच्या पाया पडा, उराउरी भेटा. शेषराव कमरेत पुरते वाकून महाराजांच्या पाया पडले, मग माझ्या, मग विणेकऱ्याच्या. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा सदरा वर सरकला.

तांबडा ठिपका.

समोर लाह्या वेचणारी पंधरा-वीस लेकरं. मी त्यांचं मनगट धरलं आणि कानाशी म्हणालो, "भाऊ, कंबरेले हात लावू नका. माझ्या संग बाहेर चला."

फौजेतून रिटायर झालेला धम्मदीप मंडपाच्या दाराशी होता, त्याला बोलावलं. मोकळ्या वावरात, नळीचं तोंड जमिनीकडं धरून त्यानं सहाही गोळ्या काढल्या. दोनदा तपासलं. मग रिकामं रिव्हॉल्वर पाकिटात घालून शेषरावांना म्हणाला, "पडा पाया. माझ्याच पडा."

दर वेळी बटन खाली दाबून शेषराव चार वेळा वाकले. पोट आणि पाकिटाची कड यांच्यात दबून बटन तीनदा वर सरकलं.

"रोज कीर्तनात किती जणांच्या पाया पडता?" त्यानं विचारलं.

शेषराव बोटांवर मोजू लागले.

"बटन नव्हतं तवा गोळ्या कपाटात होत्या," धम्मदीप म्हणाला. "बटन आलं अन् गोळ्या कंबरेले आल्या. कंपनीनं न देलेली वस्तू कोणाहीकडून बसवून घेतली, अन् तिच्या भरवशावर लेकरांत बसले. वरून दोष त्या बाईले!"

शेषरावांनी कमरेचं पाकीट सोडून धम्मदीपच्या हाती दिलं, आणि तसेच, अनवाणी, जोड्यांच्या ढिगापाशी गेले. रुखमाबाई उठू लागली. ते वाकले, आणि या वेळी कमरेला काही नव्हतं.

ती मागं सरकली. "भाऊ, मी तं त्या खुंटीखालून झाडतानी डोळे मिटून घेत होती," एवढंच म्हणाली.

रिव्हॉल्वर परवानाधारक कारागिराकडं गेलं, बटन निघालं, गोळ्या पुन्हा कपाटात. विमलबाई स्वतः बोलवायला गेल्या, तरी रुखमाबाई त्या घरी झाडायला परत आली नाही. कीर्तनाला येते, पण अजून बाहेरच बसते. मी दोनदा हात जोडले. ती हसते, उठत नाही.

आता प्रसाद वाटायला निघाल ना, तर एवढं करा. लाह्यांची पहिली मूठ भरताना जोड्यांच्या ढिगाकडं बघा, तिथं कोणी एकटं बसलंय का, आणि रुखमाबाईची आठवण ठेवा.