हनोईला गेलेला वरवंटा

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे. जातीचा दगड, त्यामुळे मला फारसं काही वाटत नाही. घडलं तेवढं सांगतो.

सोलापूरच्या एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं आणि पाट्यासोबत मी बसलिंगप्पांच्या घरी आलो. त्यांच्या बायकोने, शांतम्मांनी, तीस वर्षं माझ्याखाली पुरण वाटलं, खोबरं वाटलं, ओल्या मिरच्या वाटल्या. "मिक्सरला ही चव कुटली यायला!" असं पाहुणे म्हणायचे. मग या घरातही मिक्सर आला आणि तेच पाहुणे त्यातली चटणी बोटं चाटून खाऊ लागले. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण दाबत बसलो.

एका कामाला मात्र मला खाली नेत. आमच्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात, त्याला कुंची घालतात आणि मग बाळाला त्याच्या कडेला निजवतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. शांतम्मांची लेक राजेश्वरी माझ्या कडेला निजली होती. पुढे तिचा मुलगा शरणबसवही निजला. तो दोन महिन्यांचा होऊन वारला.

मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तरी चाललं असतं. मला परत टाकीवर ठेवून दिलं.

राजेश्वरी नवऱ्याबरोबर नोकरीसाठी व्हिएतनामला, हनोईत गेली. चार वर्षांनी तिथेच तिला मुलगी झाली. संक्रांतीला सोलापुरात भरणारी गड्ड्याची जत्रा आटोपून शांतम्मा निघाल्या. बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा त्यांनी शेंगाचटणीचा डबा बाहेर काढला आणि मला आत घातलं. विमानतळावर मला तीनदा यंत्रातून फिरवलं.

"आजी, हा दगड कशाला?" तपासणाऱ्याने विचारलं.

"बारशाला," शांतम्मा म्हणाल्या.

लेकीचं घर बाविसाव्या मजल्यावर होतं. तिथली लिफ्ट बोलायची. खाली काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी बायका खांद्यावर कावड घेऊन फळं विकत आणि पैसे मोबाइलवर घेत. शेजारच्या आजींच्या घरात पूर्वजांचा देव्हारा होता, त्यात विजेचे दिवे होते. हे सगळं शांतम्मा फोनवर बसलिंगप्पांना सांगायच्या, ते मी ऐकलं.

राजेश्वरीने मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. "अव्वा, हा नको. त्या बाळाला ह्यानं काय दिलं?"

शांतम्मांनी मला ओट्यावर नेऊन ठेवलं. दोन दिवस मी तिथल्या मिक्सरशेजारी पडून होतो.

बारशाच्या सकाळी राजेश्वरी शेजारच्या आजींना बोलवायला गेली. परत आली ती दारातच थांबली.

"अव्वा, आज त्यांच्या लेकराची तिथी हाय. तान्हा असतानाच गेला म्हणं. पन्नास वर्षं झाली. फोटोपुढं दुधाचा पेला ठेवलाय. दिवे विजेचे हायत, पण दूध खरं हाय की."

मग ती माझ्याकडे आली आणि तिने मला उचललं. "माझ्या शरणबसवजवळ निजलेलं आता एवढंच राहिलंय."

शांतम्मांनी मला धुवायला नळ सोडला. हनोईत तेव्हा थंडी होती.

"थांब की अव्वा, पोरीला गार लागंल," म्हणून राजेश्वरीने गीझरचं पाणी काढलं. त्या पाण्यात तिने मला बराच वेळ धरून ठेवलं. टॉवेलने पुसलं, कुंची बांधली. इतक्या वर्षांत मला सगळ्यांनी गार पाण्यानेच धुतलं होतं.

आत्याने सोलापुरातून मोबाइलवर बाळाच्या कानात नाव सांगितलं, बिल्वा. मी तिच्या कडेला होतो.

मित्रांनो, आयुष्य माझ्याकडे मागू नका, ते माझ्या हातात नाही. पण दगडाला पाळण्यात ठेवणार असाल, तर आधी कोमट पाण्याने धुऊन घ्या. हे बाळासाठी सांगतोय. मलाही बरं वाटलं होतं, एवढंच.