पांढरे किडे

सारंगखेड्याची यात्रा उठली आणि सुपडू पाटलाच्या द्राक्षबागेत गवत कमरेला आलं. सगळ्या बागेत नाही, फक्त सुनेच्या चार ओळींत. पाथरी, एकदांडी, मध्येच फुललेली कोथिंबीर. लोक बांधावरून विचारायचे, "सुपडूभाऊ, द्राक्षं लावलीत का बकऱ्यांना कुरण?" सुपडूचा जीव नुसता जळायचा.

सून, स्वप्नाली, म्हणायची, गवत असलं की किडे खाणारे किडे टिकतात, फवारा लागत नाही. तिनं कुठूनसे मुगाएवढे, पिठ्या खाणारे ढालकिडे आणून सोडले होते. जेवताना ती त्यांचं सांगायला लागली की सुपडू टीव्हीचा आवाज वाढवायचा. अट मात्र त्यानं रोखठोक घातली होती: घडात रस शोषणारा पिठ्या ढेकूण माजला, की चारही ओळींतल्या गवतावर रोटाव्हेटर फिरणार.

भावाच्या साखरपुड्याला ती माहेरी गेली, तेव्हा जाता जाता म्हणाली, "नाना, फवारा नका मारज्यात हां." सुपडूनं तसा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सुपडू बागेत गेला आणि जागीच थबकला. घडांवर पांढरेफेक, झिपरे किडे! एवढा मोठा पिठ्या त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांपुढे आली ती उन्हातान्हात राबणारी पोर. गाव आता तिला फाडून खाईल, या विचारानं त्याला भडभडून आलं.

पंप त्यानं घेतला नाही. शब्द म्हणजे शब्द. बायकोला, कौसाबाईला, हाक मारली आणि दोघं ओलं फडकं घेऊन घड न् घड पुसत सुटले.

"आयका ना," फडक्याखालून पळणाऱ्या किड्यामागे बोट फिरवत कौसाबाई म्हणाली, "ह्या किडा भलताच पयतस. पिठ्या इतला पयस का?"

"तू गुपचूप पुस!"

स्वप्नाली आली तशी तो तिला बागेतच घेऊन गेला. "देख, एक बी ठेवा नही. पंपले हात बी लाया नही. तुन्हा शब्द पाळा."

तिनं बादलीतलं फडकं उलगडलं. मग एक घड बोटानं फाकवून त्याच्यासमोर धरला. आत देठाशी बारीक, गुलाबी-पांढरे पिठ्या जागच्या जागी मजेत चिकटून होते.

"पिठ्या ह्या शेतस, नाना. तुम्ही पुसात त्या आपला व्हतात. ढालकिडासना पिल्ला."

बोंबलली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "रोटाव्हेटरवालाले फोन करी द्या. अट तुमनीच व्हती." आणि घराकडे वळली.

"पोरी!" सुपडूनं मागून हाक मारली. "गवतमा एखादा ढालकिडा ऱ्हायना व्हई ना?"

तिनं मागं पाहिलं नाही. इतके दिवस ज्या गवतावर तो दातओठ खात होता, त्यातच सुपडू गुडघे टेकून बसला आणि एकेक पान उलटं करून बघू लागला. दिवस कलला, बांधावरून कुणीतरी हसलं, त्यानं मान वर केली नाही.