चार ठिपके, एक माणूस

संग्रामपूर तालुक्यात 'सुपीक सोबती' कंपनीची चार माणसं होती आणि चारही अतिशय कामसू होती. कंपनीला याची पुरेपूर खात्री होती, कारण कंपनीने त्यांना वर्षभरात पाहिलेलं नव्हतं.

वर्षापूर्वी कंपनीने वरवट बकालचं भाड्याचं ऑफिस सोडलं, खुर्च्या विकल्या, चौघांच्या हातात एकेक मोबाईल दिला आणि कळवलं की आजपासून काम लवचिक झालं आहे. ऑफिसात यायला नको, वेळेचं बंधन नको. शेतात जायचं, कपाशीवरची कीड पाहायची, तिचा फोटो टाकायचा. दर तासाला मोबाईलमधलं ॲप विचारील, 'तुम्ही शेतात आहात का?' त्याला 'हो' म्हणायचं, की नकाशावर आपला ठिपका उमटतो. ॲपला चेहरा नको होता, सही नको होती. ठिपका दिला की ते खूश.

आता लवचिक वस्तूचा गुण असा, की ती वाकते. चौघांनी महिनाभरात ती वाकवली.

डोकं देवानंद गवईचं. त्याचं संग्रामपुरात फ्लेक्स छापायचं दुकान होतं आणि लोकांचे वाढदिवस काही कंपनीच्या सोयीने येत नसत. तो म्हणाला, "मोबाईल हिंडला पायजे, हे बरोबर हाये. पण माणूस हिंडला पायजे, असं कुठं लिवलं बे?"

कुठंच लिहिलं नव्हतं. तेव्हा ठरलं, की रोज एकाने चौघांचे मोबाईल पिशवीत घालून गावोगाव फिरवायचे, बाकी तिघांनी आपापली कामं पाहायची. पाळी लावली. पहिल्या आठवड्यात पाळी चोख चालली. मग करिष्मा इंगळेच्या ब्युटी पार्लरला लगीनसराई लागली. आसिमची गाडी बिघडली. त्याच्या भावाचंच गॅरेज होतं, त्यामुळे ती दुरुस्त व्हायचा प्रश्नच नव्हता. देवानंदची सासू आजारी पडली आणि जमेल तेव्हा बरी होऊ लागली. पाळी फिरत फिरत इंद्रभान तायडेपाशी आली आणि तिथंच बसली.

इंद्रभानची तक्रार नव्हती. खरी गोष्ट अशी, की तो तसाही गेलाच असता. अठ्ठेचाळिशीतला माणूस, कपाशीचं बोंड फोडून आत डोकावल्याशिवाय त्याला दिवस उगवल्यासारखा वाटत नसे. त्याची बायको जनकाबाई म्हणायची, "यायले माह्या तोंडापेक्षा अळीचं तोंड जास्त ओळखू येते." त्यात आता तीन सोबत्यांचे मोबाईल. तिघांचे उघडायचे आकडे त्याला पाठ होते, पण 'हो' दाबण्यापलीकडे त्याने कधी एक बोट जास्त लावलं नाही. दुसऱ्याच्या मोबाईलात डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उचलणं, असं त्याचं मत होतं.

काम मात्र तो इमानाने चौपट करी. एक बोंडअळी सापडली की तिचा फोटो चार बाजूंनी चार मोबाईलवर. एक शेतकरी भेटला की त्याची नोंद चार जणांच्या नावावर. त्यामुळे तालुक्यात अळ्या चौपट झाल्या, शेतकरीही चौपट झाले, आणि कंपनीच्या नकाशात संग्रामपूर लालभडक दिसू लागलं.

मग एक दिवस मनाली मॅडमचा निरोप आला. मॅडम छत्रपती संभाजीनगरला बसत आणि विभाग पाहत. निरोप असा, की पुढल्या महिन्यापासून तालुक्याला तीनच माणसं राहतील. ज्याचं काम कमी, तो जाईल.

त्या संध्याकाळी चौघं देवानंदच्या दुकानात जमले. कोणी कोणाकडे पाहीना. शेवटी देवानंदच बोलला, "भियाचं काम नाई. मोबाईल चारी संगं हिंडतात न? मंग चौघायचे आकडे सारखेच येतीन. सारख्यातून काढन कोणाले?"

"क्या बात है!" आसिम म्हणाला.

"इंद्रभानभाऊ, आता सारं तुमच्याच हातात हाये बरं," करिष्मा म्हणाली.

"गेलो त चौघं जाऊ," देवानंद म्हणाला, "राह्यलो त चौघं राहू." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानात ताज्या शाईचा उग्र वास होता, पण इंद्रभानने ते पाणी मैत्रीच्या खात्यात धरलं.

त्यानंतर तो दुप्पट जपून काम करू लागला. एकाचा फोटो कमी पडला तर तो परत गाडी वळवून शेतात जाई. चौघांचे आकडे त्याने असे काही सारखे ठेवले, की चार जुळ्या भावंडांचेही नसतील.

महिना संपायला आला तेव्हा तो सोनाळ्याच्या शिवारात होता, अन्वर चाचांच्या वावरात. सातपुड्याचा पायथा, तिथं एरवी रेंज पाहुण्यासारखी येते. पण नवा टॉवर झाल्यापासून चाचांच्या वावरात ती घरच्यासारखी राहत होती. इंद्रभानने बांधावर चारी मोबाईल ओळीने मांडले.

"इतके मोबाईल त दुकानातबी नाई राहत, तायडेभौ," चाचा म्हणाले. "एखांदा मलेबी देऊन टाका."

"दोस्तायचे हायेत, चाचा."

"अन् दोस्त?"

"ते कामात हायेत."

चाचांनी यावर दाढी खाजवली आणि पंपाकडे गेले.

तेवढ्यात तीन मोबाईल एका दमात गुरगुरले. चौथा गप्प राहिला. चौथा इंद्रभानचा स्वतःचा होता.

तो 'हो' दाबायला वाकला आणि देवानंदच्या मोबाईलवर आलेला निरोप आपोआप डोळ्यांपुढे आला. झाकण उचलावं लागलं नाही. वाफ आपणहूनच तोंडावर आली. निरोप मनाली मॅडमचा होता. 'तुम्हा तिघांची तक्रार मिळाली. इंद्रभान तायडे कामावर न येता आपला मोबाईल तुमच्याकडे फिरवायला देतात, ही बाब गंभीर आहे. थोड्या वेळात मी चौघांनाही अचानक व्हिडिओ कॉल करणार आहे. तुम्ही तिघे शेतात असालच. कृपया त्यांना कळू देऊ नये.'

इंद्रभानने ते दोनदा वाचलं. मग करिष्माचा मोबाईल पाहिला, मग आसिमचा. एखाद्यावर तरी वेगळं काही असेल, अशी त्याला आशा होती. तिन्हीवर तेच होतं.

आता त्याने आयुष्यात पहिल्यांदा एक बोट जास्त लावलं. वर सरकवल्यावर तक्रार सापडली. भाषा देवानंदची, फ्लेक्सवर शोभेल अशी. 'श्री. तायडे यांचा मोबाईल आम्ही आजवर केवळ माणुसकीच्या नात्याने वाहिला. परंतु आता आमचाही नाइलाज आहे.' खाली तिघांची नावं.

इंद्रभान बांधावर बसला. शेतात तो एकटा, बांधावर चार मोबाईल, आणि कंपनीत असं नोंदलेलं की इथं तिघं आहेत आणि तो नाही. त्याने नकळत स्वतःचा गुडघा चाचपून पाहिला.

त्याचा मोबाईल वाजला. नंबर देवानंदच्या पोरीचा, काजलचा. आवाज देवानंदचा.

"भाऊ, कुठी हायेस?"

"सोनाळ्याले."

"आं... असं कर, आमचे तिन्ही मोबाईल बंद करून टाक."

"काऊन?"

"बॅटरी वाचन ना."

"बॅटऱ्या भरेल हायेत."

"अरे, मंग... गरम होतात ते. फुटतात बे. पेपरात आलं होतं." देवानंदला घाम फुटलेला फोनमधून ऐकू येत होता. "अन् पाह्य, तुहाबी बंदच कर. सारखं राह्यते."

"सारखं," इंद्रभान म्हणाला.

"हाव. चौघायचं सारखं. ठरलं होतं ना आपलं."

म्हणजे निरोप देवानंदने दुकानातल्या कॉम्प्युटरवर वाचला होता. तिघांचे मोबाईल बंद, म्हणजे तिघांना रेंज नाही. डोंगराच्या पायथ्याशी ही सबब सरकारसुद्धा मान्य करतं. आणि इंद्रभानचा बंद, म्हणजे तक्रार खरी. एवढ्या घाईत एवढा बारीक विचार केलेला पाहून इंद्रभानला क्षणभर त्या माणसाचं कौतुक वाटलं.

"देवानंद," तो म्हणाला, "अजून काई सांगाचं हाये का मले?"

पलीकडे फ्लेक्सचं मशीन घरघरत होतं.

"नाई बा," देवानंद म्हणाला. "काय असते सांगाले?"

इंद्रभानने फोन ठेवला. लगेच चारी मोबाईल एकदम वाजायला लागले. चाचा पंपावरून धावत आले. त्यांना वाटलं काही पेटलं.

इंद्रभानपुढे साधा हिशेब होता. फक्त आपला उचलला असता, तर तो शेतात दिसला असता आणि सुटला असता. तिघं रेंजच्या नावावर सुटले असते. नोकरी कदाचित वाचली असती. आणि उद्या सकाळी तिघांनी आपले मोबाईल आणून दिले असते, 'भाऊ, जपून बरं' म्हणून. हे शेवटचं त्याच्या डोळ्यांपुढे आलं, आणि त्याने चारीच्या चारी मोबाईल उचलले आणि बांधावरच्या दगडांना टेकवून उभे केले.

मनाली मॅडमच्या पडद्यावर चार चौकोन उघडले. पहिल्यात देवानंद गवई असं नाव होतं आणि इंद्रभान होता. दुसऱ्यात करिष्मा इंगळे असं नाव होतं आणि इंद्रभान होता, जरा डावीकडून. आसिमच्या चौकोनात इंद्रभानचा कान आणि अन्वर चाचा होते. चौथ्यात इंद्रभानच इंद्रभान होता.

"नेटवर्कमध्ये काहीतरी गडबड दिसते," मॅडम म्हणाल्या.

"नाई मॅडम. नेटवर्क साफ हाये."

"तायडे, तुम्ही गवईंच्या जागी काय करताय?"

"त्यायचं काम."

"आणि करिष्मा?"

"तिचंबी मीच. वर्ष झालं. सारे मोबाईल मी हिंडवतो. तिघं येत नाईत."

मॅडम काही बोलणार, तोच पाचवा चौकोन उघडला. देवानंद कॉम्प्युटरवरून आला होता. पाठीमागे कोणाच्या तरी वाढदिवसाचा अर्धा फ्लेक्स लटकत होता. शुभेच्छा छापून झाल्या होत्या, माणूस बाकी होता.

"पाह्यलं ना मॅडम!" देवानंद म्हणाला. "आमचे मोबाईल यायनंच नेले. मंग आम्ही शेतात जावं कसं?"

"पण तुमच्या तक्रारीत लिहिलंय की त्यांचा मोबाईल तुमच्याकडे असतो."

"तेच सांगतो ना मॅडम. मोबाईलची सारी गडबड या माणसाची हाये. आम्ही आपलं सभ्य भाषेत लिवलं."

इंद्रभान पडद्यावरच्या देवानंदकडे पाहत राहिला. देवानंद मॅडमकडे पाहत होता. की कॅमेऱ्याकडे, कोण जाणे. त्या यंत्रात कोण कोणाच्या डोळ्यांत पाहतं, ते कळत नाही, ही एक मोठी सोय आहे.

"अहो बाई," अन्वर चाचा आसिमच्या मोबाईलसमोर वाकले, "हा माणूस माह्या वावरात हर हप्त्याले येते. अकेला. कसम से सांगतो. बाकीच्यायचं त तोंडबी पाह्यलं नाई म्या."

"तुमचं नाव?"

"शेख अन्वर."

मॅडमनी शोधलं. चौकोनात नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं. "शेख अन्वर, सोनाळा. तुमची चार वेळा नोंद आहे. चार वेगवेगळ्या माणसांकडे. शेत तेच. अळी पण," त्यांनी चष्मा सारखा केला, "अळी पण एकच दिसते."

"मंग? एकच होती," चाचा म्हणाले.

"सॉरी काका. ही नोंद बोगस आहे. तुमचा जबाब घेता येणार नाही."

चाचांनी इंद्रभानकडे पाहिलं. "मी बोगस हाये का, भौ?"

तो शेतकरी इंद्रभाननेच चौपट केला होता. मैत्रीखातर.

मॅडमचा आवाज वाईट नव्हता. त्या समजावून सांगत होत्या. "हे बघा तायडे. तुमच्या ताब्यात चार मोबाईल आहेत. बाकी तिघांच्या ताब्यात एकही नाही. मोबाईल दुसऱ्याला देणं हा निष्काळजीपणा झाला; त्यांना समज देऊ. दुसऱ्याचा मोबाईल वापरणं ही फसवणूक आहे. आणि एक माणूस कमी करायचाच होता."

"काम मी केलं, मॅडम."

"असेल. पण ते तुमच्या नावावर एक चतुर्थांशच आहे."

चौकोन मिटले. थोड्या वेळाने इंद्रभानच्या मोबाईलमधलं ॲप त्याला न विचारता बंद झालं. बाकीचे तीन व्यवस्थित चालू राहिले.

ऊन कलताना तो देवानंदच्या दुकानात पोचला. तिघंही तिथंच होते. करिष्माने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. त्याने तीन मोबाईल टेबलावर ठेवले, ज्याचा त्याच्यासमोर.

"भाऊ, तुमी रागात असान," करिष्मा म्हणाली. "पण मॅडमनं रोज राती फोन करून करून जीव खाल्ला होता. आकडे सारखेच येऊन राह्यले, म्हने, तुम्हीच एक नाव द्या, नाईतर चिठ्ठ्या टाकते."

"चिठ्ठी टाकू द्याची होती."

"त्यात कोणाचंबी नाव आलं असतं!" देवानंद म्हणाला. म्हणाल्यावर त्याला ते ऐकू आलं.

मशीन घरघरत होतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आता माणूस छापून बाहेर येत होता, आधी फेटा, मग कपाळ.

"मले एकच सांगा," इंद्रभान म्हणाला. "चौघायतून माह्यंच नाव काऊन?"

देवानंदने मोबाईल उचलून खिशात घातला. करिष्माने नखं पाहिली. आसिम त्यांच्यात लहान. त्याला गप्प बसायची अजून सवय झालेली नव्हती.

"भाई, बुरा मत मानो," तो म्हणाला. "आमी तिघं अठीच बसेल होतो. एकमेकायच्या तोंडावर नाव कसं घ्यावं? तुमी नव्हते."

"अन् मी कुठी होतो?"

आसिमने देवानंदकडे पाहिलं, देवानंदने मशीनकडे.

"कामावर," आसिम म्हणाला.