शेवटची ओळ

संपादकांनी मित्राच्या नव्या लेखातला तिसरा स्वल्पविराम काढून टाकला आणि खुर्ची किंचित मागे सरकवली.

“हा तरी राहू द्यायचास,” समोर बसलेला मित्र संत्रे सोलत म्हणाला. “वाचताना श्वास घ्यायला जागा लागते माणसाला.”

“श्वास घरी घे. इथे वाक्य लिही.”

दोघेही हसले. हा विनोद ब्लॉगइतकाच जुना होता. दिवाळखोरी आणि कर्ज यांच्या कायद्यावर लिहिणाऱ्या पाच प्राध्यापकांचा तो ब्लॉग संपादकांनी निवृत्तीनंतर याच खोलीतून सुरू केला होता. वाचक मोजकेच, परंतु त्यांत वकील होते, न्यायाधीश होते, आणि ते टिकले होते एका नियमामुळे. प्रत्येक लेखाच्या शेवटच्या ओळीत लेखकाने, दर वेळी स्वतःच्या शब्दांत, त्या विषयात आपला काही स्वार्थ आहे की नाही, हे सांगायचे. या नियमाची शब्दरचना संपादकांची होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

फोन वाजला. पाचांतली सर्वांत लहान, जिला सगळे धाकटी म्हणत, ती बोलत होती. मित्रालाही ऐकू यावे म्हणून संपादकांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

“सर, केबल कारखान्याचा निकाल लागला. बँका जिंकल्या.”

कारखाना बुडाला तेव्हा एक गोष्ट उघड झाली होती: कामगारांच्या पगारातून कापलेला निवृत्तिनिधी कंपनीने वेगळा न ठेवता स्वतःच्या खात्यात मिसळला होता. तो पैसा कामगारांचा, की बुडालेल्या कंपनीचा, म्हणजे पर्यायाने तिच्या बँकांचा, हा वाद होता. मित्राने ब्लॉगवर बँकांची बाजू मांडली होती, आणि मांडली होती सुरेख. धाकटीने त्याला उत्तर लिहिले होते. त्याच्या शेवटच्या ओळीत तिने, नियमाप्रमाणे, ‘माझे वडील याच कारखान्यात नोकरीला होते’ असे सांगितले होते. संपादकांनी ते उत्तर परत पाठवले होते. युक्तिवाद सबळ आहे, परंतु लेखिका तटस्थ नाही, असा शेरा त्यांनी मारला होता.

“कोर्टाने आपल्या लेखाचा आधार घेतलाय, सर. ‘निःस्वार्थ अभ्यासकाचे मत’ म्हणून.”

“मग अभिनंदन कर त्याचं. इथेच बसलाय.”

पलीकडचा कोर्टातला गलबला कमी झाला; ती बाजूला गेली असावी.

“बसलेत का? बरं झालं. बँकांचे वकील बाहेर भेटले मला. लेख लिहिणाऱ्या सरांचे आभार सांगा म्हणाले. ते लेखाच्या आधीपासूनच आमचे सल्लागार आहेत, म्हणाले. त्यांना वाटलं, मला माहीत असेल.”

“तुझी काहीतरी गल्लत होतेय.”

“झाली असू दे ना, सर. मला तेच हवंय. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही मी.”

फोन ठेवल्यावर संपादकांनी मित्राकडे पाहिले. तो संत्र्याच्या फोडीवरची पांढरी शीर अतिशय काळजीपूर्वक काढत होता.

“खरं आहे?”

“आहे. सल्ला दिला, फी घेतली. पण मत माझंच होतं रे. फुकट दिलं असतं तरी तेच दिलं असतं.”

“मग द्यायचंस फुकट.”

“युक्तिवादात एक भेग दाखव मला. एक!”

“युक्तिवादाबद्दल कोण बोलतंय? लेखाखाली तू लिहिलंस की तुझा…”

“मी नाही लिहिलं.” मित्राने मान वर केली. “आठव जरा. ती ओळ मी कधीच लिहीत नाही. तू लिहितोस.”

ते खरे होते. पहिल्याच लेखाला मित्र ती ओळ विसरला होता आणि संपादकांनी ती घातली होती; पुढे ती रीतच पडली. दर वेळी नवे शब्द शोधायचे, त्यात त्यांना गंमतही वाटू लागली होती. विचारावे असे कधी मनात आले नव्हते. सख्ख्या भावाला कोणी पावती मागत नाही.

“म्हणजे या खेपेलाही तू विसरलास,” संपादक सावकाश म्हणाले. आवाजात जवळजवळ विनवणी होती. “विसरलास, एवढंच ना?”

मित्राने सोललेली फोड न खाता बशीत ठेवली.

“एरवी विसरायचो. या खेपेला तू लिहिशील हे माहीत होतं.”

दार ढकलून संपादकांची पत्नी चहा घेऊन आली.

“भावजी, साखर घातलीय हं, न विचारता. आता तुमची सवय काय विचारायची!”

कोणीच हसले नाही. तिने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिले आणि जाताना दार ओढून घेतले.

संपादकांनी पडद्यावरच्या नव्या लेखाचा शेवट गाठला. ‘प्रस्तुत विषयाशी लेखकाचा कोणताही आर्थिक संबंध नाही.’ सकाळीच, लेख वाचण्याआधी, त्यांनी ती ओळ लिहिली होती. एकेक अक्षर करत त्यांनी ती पुसली आणि कीबोर्ड मित्राकडे वळवला.

“आता तू लिही.”

मित्राने स्वतःच्या बोटांकडे पाहिले.

“हात चिकट झालेत. धुऊन येतो.”

नळ बराच वेळ वाहत राहिला, मग बंद झाला. त्यानंतर बाहेरच्या दाराची कडी वाजली.

चहावर साय धरली. संपादकांनी कीबोर्ड पुन्हा आपल्याकडे ओढला, केबल कारखान्यावरचा लेख उघडला आणि त्याच्या खाली लिहिले: ‘या लेखाची शेवटची ओळ लेखकाची नाही. ती संपादकाने लेखकाला न विचारता लिहिली, आणि ती खोटी आहे.’ मग त्यांनी धाकटीला फोन लावला.

“तुझं उत्तर जपून ठेवलंयस का? आज घेतो. उशीर झाला, हे कळतंय मला.”

“आहे, सर.” ती थोडी थांबली. “वडिलांची ओळ काढू?”

“मुळीच नाही.” त्यांनी तिला दुरुस्ती वाचून दाखवली.

“आणि त्याखाली, सर?” तिने हलकेच विचारले. “दुरुस्तीचे लेखक तुम्ही आहात. नियमाप्रमाणे शेवटची ओळ?”

संपादकांनी फोन कानाशी तसाच धरून एका हाताने टाइप केले: ‘या विषयात माझा स्वार्थ आहे. लेखक माझा मित्र आहे.’

आणि ते वाक्य पुन्हा न वाचता त्यांनी प्रसिद्ध केले.