दाराकडे पाठ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. पण मी वर्गातली नाही आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतलीही नाही. माझी जागा त्या खोलीच्या दाराबाहेर, व्हरांड्यात. उचगावच्या पलीकडे एक गाव आहे, तिथल्या मराठी शाळेत मी राहते.

मला महंमद सुतारांनी केलं, तेही रागात. त्यांची बायको सुलतानबी शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती. बाकांसाठी सरकारी निधी आला. तीन सुतारांनी बंद पाकिटात आपापले दर दिले. त्यांत महंमदही होते. काम आपल्यालाच मिळणार असं धरून त्यांनी लाकूडसुद्धा आणून ठेवलं होतं. पाकिटं फोडायची वेळ आली तशी सुलतानबी उठली. "ह्यातलं एक पाकीट माझ्या मालकांचं हाय. मी हितं बसत न्हाई," असं म्हणाली आणि बाहेर येऊन फरशीवर बसली. दाराकडे पाठ करून बसली. काम दुसऱ्याला गेलं.

महंमद दोन दिवस घरात बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच लाकडातून मला केलं आणि शाळेत आणून ठेवलं. बायकोला एवढंच म्हणाले, "बाहीर बसायचंच असंल तर खाली बसू नगंस. गुडघं दुखत्यात तुझं."

पुढे ती रीतच पडली. ज्याच्या घरच्याचं पाकीट, त्यानं माझ्यावर येऊन बसायचं, तोंड रस्त्याकडे करून. एकदा समितीतल्या नेमगोंडांच्या पुतण्यानं शाळेच्या रंगकामाचा दर दिला होता. नेमगोंडा माझ्यावर बसता बसता ओरडले, "आज माझी पाळी व्हय? मग चा तरी बाहीर पाठवा, का त्योबी बंद?" आत सगळे हसले. त्या दिवसांत मला मान होता. शिपाई मला रोज पुसायचा.

दोन वर्षांपूर्वी सुलतानबी वारली. तिच्यामागं मला कुणी विचारलं नाही. माझा पाय मोडला आणि मी अडगळीच्या खोलीत फाटक्या नकाशांखाली गेले. बैठका होत राहिल्या, दाराबाहेर मात्र कुणी बसेनासं झालं. महंमदांनीही रंधा हातात घ्यायचं सोडलं.

यंदा तिसरीच्या वर्गाचं छप्पर बदलायचं ठरलं. गेल्या वळवात त्याचा एक पत्रा उडून मैदानात पडला होता. सुट्टी होती म्हणून कुणाला लागलं नाही. आता समितीचा अध्यक्ष होता तोहिद, सुलतानबीचा मुलगा. त्याची मुलगी तमन्ना जूनमध्ये त्याच वर्गात बसणार होती. आणि पाकीट टाकणाऱ्यांत होता उमर, तोहिदच्या थोरल्या बहिणीचा, फरहीनचा नवरा. दिवाळीपासून उमरच्या हाताला काम नव्हतं.

हे महंमदांच्या कानावर गेलं. ते शाळेत आले, अडगळीतून मला ओढून काढलं आणि घरी नेलं. नवा पाय बसवला, सांधे आवळले. बसायची फळी मधे झिजून खोलगट झाली होती. तिच्यावर मात्र त्यांनी रंधा मारला नाही. नुसता हात फिरवला.

बैठकीच्या दिवशी त्यांनी मला दाराबाहेर ठेवलं आणि स्वतः पायरीवर बसले. उमर फाटकाशी उभा होता. तोहिद आला. त्यानं मला पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग मला उचललं, दारासमोर ठेवलं आणि बसला. पण तोंड आत करून बसला. उकाडा होता म्हणून दार सताड उघडं होतं.

आत संयोगिता बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पाकिटं फोडली. उमरचा दर सगळ्यांत कमी निघाला. "कुणाला काही बोलायचं आहे?" बाईंनी विचारलं. कुणी बोलेना. समितीतल्या बनाबाईंनी मान वर केली, त्यांची नजर तोहिदच्या नजरेला भिडली आणि त्यांनी पदर सारखा केला. नेमगोंडा पंख्याकडे बघत राहिले. बाईंनी पेन उघडलं.

माझ्या हातांवर तोहिदचे हात होते.

"तोहिद," पायरीवरून महंमद म्हणाले, "खुर्ची फिरव."

"बाहीर हाय की मी, अब्बा. आनि काय पायजे?"

"तुज्याकडं बघून ती मानसं गप हाईत. अम्मी कशी बसायची ते तुला ठावं न्हाई व्हय?"

"दाजी फाटकात हुबा हाय. फरहीनला काय सांगू मी?"

"मला तर दोन दीस बोलवलं न्हाई तुज्या अम्मीशी," महंमद म्हणाले. "त्ये दोन दीस मला आता परत पायजेत. पर खुर्ची फिरव."

तोहिद उठला. त्यानं मला फिरवलं आणि पुन्हा बसला. आता त्याच्यासमोर रस्ता होता, आणि फाटकात उमर.

मागून बनाबाईंचा आवाज आला. "बाई, पेन ठेवा जरा. ह्या कागदावर पत्र्याची जाडी कुठं लिवलिया? बाकीच्या दोघांनी लिवलिया की."

"आनि उडालेला पत्रा कुनी बसवलाता?" नेमगोंडा म्हणाले. "ठेकेदार दुसरा हुता, पर हात उमरचाच. पुन्हा त्योच व्हय?"

हे गावाला माहीत होतं. तोहिदला कुणी सांगितलं नव्हतं. माझे हात त्यानं इतके घट्ट धरले की नवा पाय करकरला. पण त्यानं मान वळवली नाही.

काम मलकापूरच्या एका मिस्त्रीला गेलं. उमर जाताना व्हरांड्यासमोर थांबला. "व्वा, मेव्हणं! लई बेस बसलासा की!" एवढंच म्हणाला. तेव्हापासून फरहीन माहेरी आलेली नाही. ईदलाही आली नाही. तोहिद दोनदा जाऊन आला, तिनं दार उघडलं नाही.

छप्पर झालं. परवा वळीव आला, मोठा वारा सुटला. तमन्नाच्या वर्गावरचा एकही पत्रा हलला नाही.

महंमद आता दर शुक्रवारी येतात, माझे सांधे तपासतात आणि थोडा वेळ बसतात. मित्रांनो, तुम्हीही उद्या कुठल्यातरी समितीत बसाल. माझ्यासारखी खुर्ची अडगळीत टाकू नका. तिचे पाय धड ठेवा. आणि आपली पाळी आली की नुसते बाहेर येऊ नका. तिला नीट फिरवून मगच बसा.