बाळकृष्णाचं कार्ड

वरचा पुढचा दात हलायला लागला तेव्हा सुलभाताईंना दुखण्यापेक्षा गजराची काळजी लागली. हैदराबादेत बरकतपुऱ्याच्या देवळात कीर्तनाचा पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. तेवढा वेळ नामाचा गजर ताईंचा. दात गेला तर नामातून वारा सुटणार.

पुतण्या मकरंद बंगळूरला. त्याला फोन केला.

“काकू, तुमच्या पॉलिसीत दात येत नाहीत. अपघात झाला तरच.”

“मग काय ऑटोखाली जाऊ?”

“आणि माझ्या ऑफिसच्या विम्यात मी, बायको, मुलं, आईबाबा. काकू नाही हो त्यात बसत.”

शाळा संपेपर्यंत माझ्याच घरी जेवायला बसायचास की रे, असं ओठांवर आलं. “असू दे. थंडी आहे का तिकडे?” एवढंच त्या म्हणाल्या.

एकटीसाठी दातांचा विमा मिळत होता, पण पैसे आज भरायचे आणि उपचार पुढच्या वर्षी. तोवर दातानं थांबायला हवं ना! एक योजना फारच स्वस्त होती. तिच्या फोनवरचा माणूस मात्र दवाखान्याचं नाव सांगेना.

शेवटी मलकपेठेतला जुना डॉक्टर आठवला. मागे त्यानं ताईंची दाढ पाहून “राहू द्या, चालेल अजून,” म्हणत परत पाठवलं होतं. असा माणूस फसवणार नाही. त्याच्या दवाखान्याचं वर्षाचं कार्ड होतं, त्यावर दात वाचवून टोपी, म्हणजे कॅप, बसवायला निम्मा खर्च.

“घरी कोण कोण, मावशी?” काउंटरवरच्या अमृतानं विचारलं. पोरगी बीदरकडची, बोलण्यात निम्मं हैदराबादी.

“मी आणि आमचा बाळकृष्ण.”

त्यात लबाडी नव्हती. सकाळी त्याला लोणी, रात्री पांघरूण. देवळातून उशीर झाला तर दाराशीच “आले रे” म्हणायचं. घरातलं माणूस म्हटलं की तोच तोंडात यायचा.

“केवढा आहे?”

“रांगतोय अजून,” ताई हसल्या. अमृताही हसली आणि तिनं कार्ड केलं.

पुढच्या आठवड्यात ताई उपचाराला गेल्या.

“नातवाला नाही आणलं? दोघांची तपासणी झाल्याशिवाय कार्ड चालू होत नाही, मावशी. एकट्याचं कार्ड नाहीच आपल्याकडे.”

ताईंच्या आत्ता ध्यानात आलं. “अगं, तो पितळेचा आहे.”

“क्या?” अमृतानं तोंडावर हात धरला. “देवाचं कार्ड काढलं मी? अय्यो, डॉक्टर मला कच्चं खातील!”

दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग अमृता हळूच म्हणाली, “राहू द्या ना. दात आले नाहीत अजून, असं लिहिते. कौन देखता?”

“नक्को गं. त्याच्या नावावर खोटं नको.”

“मग दुसरं कोणी सांगा. घरातलंच पाहिजे पण.”

वरच्या मजल्यावरच्या प्रियदर्शिनीला तिचं घरदार होतं. देवळातले पेटीवाले नामदेवराव मुलाकडे राहत. ताईंनी सगळं देऊळ मनात फिरून पाहिलं.

“कोणी नाही,” त्या म्हणाल्या. हे मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं.

कार्ड रद्द झालं. टोपीचा पूर्ण खर्च पेन्शनला झेपणारा नव्हता.

“दात काढू मग?” डॉक्टरांनी विचारलं.

“काढा.”

बाहेर आल्यावर अमृतानं विचारलं, “न्यायला कोण येतंय?” तोंडात कापूस, ताईंनी नकारार्थी मान हलवली. “मग बसा थोडं. बोलू नका.” ती वाजणारा फोन घ्यायला वळली.

इतक्यात एक कुटुंब आलं: नवराबायको, आजी, रडणारं पोर, त्याला खेळवणारी बहीण. खुर्च्या पुरेनात. ताई उठून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. कळ मारत होती, म्हणून त्यांनी मनातल्या मनात गजर धरला. एकानं नाम टाकायचं, सगळ्यांनी उचलायचं. ताईंनी टाकलं, सवयीनं थांबल्या.

मग उचललंही त्यांनीच.