पायमोज्यातलं वीरचक्र

मित्रांनो, मी एक जुनं वीरचक्र आहे, आणि माझं जवळजवळ सगळं आयुष्य एका लोकरीच्या पायमोज्यात गेलं. हसू नका. आत कोंडलेल्या जिवाची किती तगमग होते, हे तुम्हांला काय ठाऊक!

माझं अंग चांदीचं. एकाहत्तरच्या लढाईनंतर दिल्लीत मला टिपणीस साहेबांच्या छातीवर लावलं, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. लढाईत त्यांची पाणबुडी खोल पाण्यात दडून होती आणि वर शत्रूची जहाजं घिरट्या घालत होती. एक पाना जरी खाली पडला असता, तरी आवाजाच्या मागावर येऊन त्यांनी सगळ्यांना जलसमाधी दिली असती. साहेबांनी वाजणारी प्रत्येक वस्तू कापडात गुंडाळायला लावली आणि झाडून सगळी माणसं जिवंत परत आणली.

दादरच्या घरी आल्यावर त्यांनी मलाही गुंडाळलं. सवय, दुसरं काय! त्या घरात चमचासुद्धा ताटाला लागत नसे. सुरुवातीला कोणी पाहुणे आले की साहेब स्वतःच मला आणत, स्वतःच परत ठेवत. माझं कौतुक होई. पुढे विचारणारेच उरले नाहीत. कपाटाच्या तळाशी मी तळमळत पडलो. मला वाजायचं होतं हो! चांदीचा जन्म, आणि तोंडात लोकरीचा बोळा!

गेल्या वर्षी साहेब गेले, माझी जागा कुणालाही न सांगता. यंदा कुलाब्याहून नौदलाच्या समारंभाचं बोलावणं आलं. गेलेल्या माणसाचं पदक घरच्यांनी छातीच्या उजव्या बाजूला लावायचं असतं. साहेबांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी माझ्यासाठी घर उलथंपालथं केलं.

"अहो, कुठे ठेवलंत हो?" त्या साहेबांच्या फोटोला विचारायच्या.

शोधाशोधीत जुन्या कपड्यांचा ढीग निघाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो ढीग बाईंनी बोहारणीपुढे टाकला, आणि ढिगात मी.

"आजी, अजून एक साडी टाका, तर डबा," बोहारीण अंबिका म्हणाली.

"अगं, या पँटी बघ. एक तरी उसवलीय का? मला झाकणाचा डबाच हवा."

घासाघीस रंगली. मी आतून ओरडत होतो, पण साहेबांनी गुंडाळलेली वस्तू कधी वाजली आहे? सौदा पटला. नात ऋग्वेदा डबा घेऊन आत निघाली.

तेवढ्यात टाच फाटलीय का बघायला अंबिकाने मोज्यात हात घातला.

"अगं बाई! आजी, यात काय टोचतंय बघा."

तिने मोजा उलटा केला आणि मी फरशीवर पडलो. खण्ण! केवढा वाजलो म्हणून सांगू!

सरोजिनीबाईंचं बोट आपोआप ओठांवर गेलं. "श्शू!" जन्मभराची सवय. मग त्या मटकन खाली बसल्या आणि मला छातीशी धरून ढसाढसा रडल्या.

"आजी, हळू ठेव हं," ऋग्वेदा म्हणाली.

"नाही गं," त्या म्हणाल्या, "वाजू दे आता."

आणि त्यांनी मला पुन्हा फरशीवर टाकलं.

मित्रांनो, शूर माणसांना गप्प राहायची सवय असते. ती आहेत तोवर त्यांच्याशी बोला, त्यांच्या वस्तू जपा. मोज्यात हात घालायला बोहारणीची वाट पाहू नका.